हिवाळ्यातील पचडी

मराठी पानाला उजवी आणि डावी अशा दोन बाजू असतात, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर. उजव्या बाजूची चिंता गृहिणी सकाळपासून वाहते. डाव्या बाजूचे मात्र "होईल ऐनवेळी" असे असते. कार्य आटोपल्यावर चर्चा होते ती जिलबीची आणि मठ्ठ्याची. कोशिंबीर कशी झाली होती हे कुणी विचारीत नाही, आणि खरे सांगावयाचे तर ती बहुधा विचारण्याजोगी नसतेही. पातेल्याच्या तळाशी दोन बोटे पाणी, त्यात मान टाकलेला कोबी, वर तरंगणारे दाण्याचे कूट, आणि वाढप्याच्या चमच्यातून पानावर पडताच भाताकडे धावणारा ओघळ! हा पदार्थ इतका सोपा की त्याला कोणी कृती विचारीत नाही, आणि कृती विचारली जात नाही म्हणूनच तो बिघडतो, असे आमचे मत आहे.

तेव्हा या लेखात आम्ही हिवाळ्यातील पचडीसंबंधी चार गोष्टी सांगणार आहोत. ती करकरीत कशी राहावी, तिच्यावरील फोडणी कशी असावी, शंभर-दोनशे पानांच्या पंगतीत ती शेवटच्या पानापर्यंत ताजी कशी पोहोचावी, आणि ती पोहोचणे इतके अगत्याचे का आहे.

आधी नावाबद्दल थोडेसे. कोशिंबीर हे सर्वसाधारण नाव. पचडी म्हणजे कच्चा पाला, कंद किंवा कोबी बारीक चिरून, बहुधा दह्यावाचून, वरून फोडणी दिलेली कोशिंबीर. आमच्या आदिलाबादेत मात्र हा शब्द जपून वापरावा लागतो. तेलुगूत 'पच्चि' म्हणजे कच्चे, हिरवे. आणि 'पच्चडि' म्हणजे वाटलेली चटणी. पैनगंगेपलीकडून, वणीकडून किंवा यवतमाळकडून सून म्हणून आलेल्या मुलीने शेजारणीकडे कौतुकाने "थोडी पचडी द्या" म्हणावे, आणि वाटीत अंबाडीची झणझणीत चटणी यावी, हा प्रकार आमच्या गल्ल्यांतून पिढ्यान् पिढ्या घडत आला आहे. एकदा जीभ भाजली की दोन्ही भाषा येऊ लागतात!

ही सरमिसळ आपल्या स्वयंपाकाची शोभा आहे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. २०१४ साली तेलंगण राज्य झाले. २०१६ साली या एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा हलत राहिल्या, माहेर-सासर जेथल्या तेथे राहिले. म्हणून आमच्या घरांत कोथिंबिरीला कुणी सांबार म्हणते, कुणी कोत्तिमीर. फोडणीला कुणी पोपु म्हणते. आणि शेंगदाण्याला बाजारात पल्ली म्हटल्याखेरीज दुकानदार लवकर वळत नाही.

आता ऋतूकडे वळू. तेलंगणातील कडाक्याची थंडी पडते ती आपल्याकडेच. पौषात पहाटे पारा काही वर्षी पाच अंशांच्या आसपास येतो, आणि केसलापूरच्या नागोबा जत्रेला पौष अमावस्येच्या रात्री जाऊन आलेल्यांना त्याचा पुरावा द्यावयास नको. माणसाला ही थंडी बोचते, पण भाजीला ती मानवते. मुळा उन्हाळ्यात जून, पोकळ आणि नाक झोंबविणारा; तोच थंडीत रसाळ, भरीव आणि सौम्य होतो. लाल देशी गाजर येते ते याच दिवसांत, आणि थंडीने त्याची गोडी वाढते. कोबीचा गड्डा घट्ट बांधतो. कांद्याची पात, कोवळी मेथी, कोथिंबीर, तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, सारे एकदम बाजारात येते. वर्षातील तीन महिनेच हा थाट असतो. एरवी ज्यांना कच्चे खाणे जड जाते त्यांनाही या दिवसांत ते गोड लागते.

करकरीतपणा म्हणजे काय हे समजले की निम्मी कृती आपोआप सुचते. कुरकुरीत आणि करकरीत हे दोन शब्द आपण सहसा घोटाळ्यात घालीत नाही. चकली कुरकुरीत, कैरी करकरीत. चकलीचा कुरकुरीतपणा पाणी गेल्यामुळे येतो. मुळ्याचा करकरीतपणा पाणी असल्यामुळे. काकडीत व मुळ्यात शंभरात सुमारे पंचाण्णव भाग पाणीच असते, कोबीत ब्याण्णव, गाजरात अठ्ठ्याऐंशी. हे पाणी लक्षावधी सूक्ष्म पेशींत, फुगविलेल्या फुग्यांप्रमाणे, दाबून भरलेले असते. दाताखाली ते फुगे फुटतात तोच तो आवाज. आता या पेशींवर बाहेरून मीठ पडले म्हणजे आतले पाणी पेशीचा पातळ पडदा ओलांडून मिठाकडे ओढले जाते. फुगा सैल पडतो. दहा-पंधरा मिनिटांत भाजी मऊ होते आणि तळाला तळे साचते. साखरही हेच करते, थोड्या सावकाशीने.

यावरून नियम निघतो तो एकच: मीठ सर्वांत शेवटी, पाने मांडून झाल्यावर. "आधी मीठ लावून ठेवले की मुरते" असे जे म्हणतात ते लोणच्यापुरते खरे. पचडीला मुरू द्यावयाचेच नसते. अपवाद एक आहे. मुळा फारच उग्र असेल, किंवा काकडी फार पाणीदार असेल, तर किसून, चिमूटभर मीठ लावून, दहा मिनिटांनी हलक्या हाताने पिळून घ्यावी. तो कीस करकरीत राहत नाही, पण मग नंतर पाणीही सोडीत नाही. पिळलेले पाणी फेकू नये. भाकरीचे पीठ मळावयास घ्यावे.

उलट बाजूही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सकाळी आणलेली भाजी दुपारपर्यंत थोडी मलूल झाली असेल तर अख्खे मुळे, अख्खी गाजरे व कोबीचे मोठे तुकडे माठातल्या गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावेत. पेशी पाणी परत पितात आणि ताठ होतात. मात्र हे चिरण्यापूर्वी. चिरलेली भाजी पाण्यात ठेवली तर तिच्यातील 'क' जीवनसत्त्व त्या पाण्यात उतरते, आणि पाणी आपण मोरीत ओततो.

धुण्याच्या बाबतीत आम्ही जरा कडक आहोत. शिजविलेल्या भाजीला अग्नीने शुद्धी मिळते. कच्च्या भाजीला ती पाण्यानेच द्यावी लागते. कोबीतील किडा मेंदूत जातो म्हणून पुष्कळ घरांनी कच्चा कोबी वर्ज्य केला आहे. वस्तुस्थिती अशी की तो किडा कोबीत जन्मत नाही. पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी पडतात. ती मैल्याच्या पाण्याने किंवा घाणेरड्या हातांनी कोणत्याही भाजीवर येऊ शकतात, आणि पोटात गेल्यास क्वचित मेंदूपर्यंत पोहोचून फेफरे आणतात. दोष कोबीचा नव्हे, मळ्याला दिलेल्या पाण्याचा आणि हातांचा. मिठाच्या पाण्यात बुडविल्याने ही अंडी मरतात असे समजून राहू नये. ती धुऊन काढणे हाच मार्ग. कोबीची वरची दोन-तीन पाने काढून टाकावीत, पुढची सुटी करून पिण्याच्या पाण्याच्या धारेखाली धुवावीत. मुळा-गाजर घासून, मग तासून घ्यावे. पालेभाजी तीन पाण्यांतून काढावी. शेवटी सारे स्वच्छ पंच्यावर पसरून कोरडे करावे. ओल्या भाजीला फोडणी चिकटत नाही. ज्या घरी हे सारे नीट होणार नाही त्या घरी कोबी वाफवून खावा, त्यात कमीपणा नाही.

आता प्रमाण. चार-पाच माणसांस दोन मध्यम मुळे, दोन लाल गाजरे, पाव गड्डा कोबी, मूठभर कांद्याची पात, अर्धी वाटी सोललेले कोवळे हरभरे आणि मूठभर कोथिंबीर घ्यावी. मुळ्याचा कोवळा पालाही चार पाने बारीक चिरून टाकावा. तो टाकून देणाऱ्यांची आम्हांस कीव येते. कोबी विळीवर किंवा सुरीने सुतासारखा चिरावा. किसू नये, किसल्याने पेशी चिरडतात. गाजर मोठ्या भोकांच्या किसणीवर चालते. मुळ्याच्या आगकाडीएवढ्या कांड्या कराव्यात. चिरताना धार चांगली हवी. बोथट सुरी भाजी कापीत नाही, चेंगरते, आणि चेंगरलेली भाजी मिठाची वाट न पाहता पाणी सोडते.

कूट अर्धी वाटी. शेंगदाणे मंद भाजून, साले काढून, जाडसर कुटावेत. मिक्सरमध्ये क्षणभर जास्त फिरले की तेल सुटते आणि गोळा होतो. पण आमच्या मते हिवाळ्यात तिळाचा मान मोठा. भोगीच्या दिवशी भाकरीला तीळ लागतात तेव्हा पचडीलाही लागावेत. तीन चमचे तीळ तडतडेपर्यंत भाजून भरड कुटले तरी पुरे. कारळ्याची किंवा जवसाची चटणी घरात असेल तर तिचा एक चमचा आणखी. कुटाचे काम केवळ चवीचे नाही. जे थोडे पाणी सुटतेच ते ते शोषून घेते.

फोडणीसाठी दोन मोठे चमचे तेल चांगले तापवावे. मोहरी अर्धा लहान चमचा, ती पूर्ण तडतडल्यावर जिरे, मग दोन-तीन हिरव्या मिरच्यांचे तुकडे, कढीपत्ता, आच बंद करून हिंग व हळद. येथे मोहरीचे एक नवल सांगितले पाहिजे. मोहरी, मुळा आणि कोबी ही तिन्ही एकाच कुळातील. त्यांचा झणका दाणा किंवा पेशी फुटून आतील दोन द्रव्ये एकत्र आली म्हणजेच निर्माण होतो. तापल्या तेलात त्यांतील एक द्रव्य निकामी होते, म्हणून तडतडलेली मोहरी खमंग लागते, झोंबत नाही. तीच मोहरी थंड पाण्यात फेसली तर नाकातून डोक्यात जाते. ज्यांना थंडीत असा झणका हवा असेल त्यांनी एक लहान चमचा मोहरी थोड्या पाण्यात बारीक वाटून, फेस येईपर्यंत घोटून, दहा मिनिटे झाकून ठेवावी. लिंबाचा रस त्यानंतर घालावा, आधी घातल्यास झणका चढत नाही. हे फेसलेले वाटण दोन चमचे दह्यात कालवून गाजर-मुळ्यावर घातले की सर्दीने बंद झालेले नाक तात्पुरते तरी उघडते. आमच्या आज्यांना हे ठाऊक होते. आता फेसलेली मोहरी कित्येक घरांतून नाहीशी झाली आहे, आणि याचे आम्हांस मनापासून वाईट वाटते.

मुख्य सूचना अशी की फोडणी कढत कढत भाजीवर ओतू नये. ओतताना चर्र असा आवाज येतो, पाहुण्यांना बरे वाटते, पण कोबी तेथेच मऊ पडतो. पाच मिनिटे निवू द्यावी. मग भाजी, कूट आणि फोडणी कालवून, एका लिंबाचा रस पिळून, वाढण्याच्या क्षणी मीठ. अर्धा किलो भाजीस सपाट एक लहान चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, पुरते. साखरेचा वाद आम्ही मिटवू इच्छीत नाही. पुण्याकडची मंडळी चिमूटभर घालतात, नागपूर-यवतमाळकडची नाके मुरडतात. लाल गाजर असेल तर तिची गरज नाही एवढेच आम्ही म्हणू.

शेजारच्या तेलुगू घरांकडून घेण्याजोगी एक गोष्ट आहे. त्यांचे 'पच्चि पुलुसु' म्हणजे न उकळलेले चिंचेचे सार. त्यात कच्चा कांदा, मिरची, भाजलेल्या तिळाचे कूट आणि वरून फोडणी. त्याचेच दाट रूप, म्हणजे चिंचेचा कोळ दोन चमचे, तीळकूट, चिमूटभर गूळ आणि लाल मिरचीची फोडणी, मुळ्याच्या कांड्यांवर घालून पाहावे. लिंबू महाग झाले असता आम्ही हेच करतो. शेतावर तर एवढाही खटाटोप नको. कांद्याची पात आणि कोवळी मेथी हातानेच तोडून, कच्चे तेल, लाल तिखट, दाण्याचे कूट, मीठ चोळून केलेला घोळाणा ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर कापूस वेचणाऱ्या बायांनी बांधावर बसून खाल्ला, की त्यापुढे पक्वान्न नको. हा घोळाणा करताच खावा, कारण त्यात मीठ चोळलेलेच असते.

आता पंगतीचा प्रश्न. माणशी पन्नास ग्रॅम धरले तर दोनशे पानांस दहा किलो भाजी व शंभर ग्रॅम मीठ. नेहमीची चूक अशी होते की आचारी हे सारे सकाळी दहा वाजता एकाच घमेल्यात कालवून मोकळा होतो. पहिली पंगत साडेबाराला, तिसरी अडीचला. तिसऱ्या पंगतीला जे मिळते ते वर वर्णिलेच आहे. उपाय सोपा आहे. चिरलेली भाजी कोरडी, ओल्या पंच्याने झाकून सावलीत, कूट वेगळ्या डब्यात, फोडणी वेगळ्या भांड्यात, लिंबे कापून. दर पंगतीची पाने मांडली की तेवढ्यापुरतेच कालवावे आणि मीठ घालून लगेच वाढावयास घ्यावे. एक जाणता माणूस या कामावर नेमला की झाले. भाजीही दोन हप्त्यांत चिरली तर उत्तम. चिरून तासन् तास उघडी राहिलेल्या भाजीतले 'क' जीवनसत्त्व हवेनेच उणावत जाते.

तिसऱ्या पंगतीचा आम्ही एवढा आग्रह का धरतो, हे सांगितलेच पाहिजे. तिसऱ्या पंगतीला कोण बसते? वाढणाऱ्या स्त्रिया. घरातही तोच क्रम. पुरुष, मुले, पाहुणे जेवून उठले की मग त्या बसतात. भाकरी-वरण उरलेले असते, पचडीचे भांडे रिकामे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सत्तावन्न जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याची कारणे अनेक आहेत, आणि पचडी हे औषध आहे असा आमचा दावा नाही. ज्यांना गोळ्या दिल्या आहेत त्यांनी गोळ्या घ्याव्यातच. पण आपल्या जेवणातील लोह येते ते ज्वारी, डाळ, पालेभाजी यांतून, आणि हे वनस्पतींतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्याच घासाबरोबर 'क' जीवनसत्त्व पोटात गेले तर ते पुष्कळ अधिक शोषले जाते. ते लिंबात आहे, कच्च्या कोबीत आहे, मुळ्याच्या पाल्यात आहे, कोथिंबिरीत आहे. आवळा किसून टाकला तर विपुल आहे. म्हणजे डाव्या बाजूचा तो पदार्थ उजव्या बाजूच्या अन्नाला अंगी लावतो. सकाळी खाऊन किंवा रात्री खाऊन हे साधत नाही. एकाच जेवणात दोन्ही हवीत. आणि जेवण होताच चहाचा पेला हाती घेण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे ती नेमके उलटे काम करते. चहा तासाभराने घ्यावा. फोडणीतील तेलही वाया जात नाही. गाजरातील ज्या केशरी द्रव्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनविते, ते तेलाच्या सोबतीनेच चांगले शोषले जाते. तेल सोडलेली नुसती काप केलेली गाजरे पथ्याची म्हणून खाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

घरातल्या घरात करावयाचे ते एवढेच की कालविण्यापूर्वीच शेवटी बसणारीच्या वाट्याची भाजी व कूट एका वाटीत झाकून बाजूला काढावे. उरले तर देऊ, अशा हिशेबाने ते कधीच उरत नाही. तिने बसताना त्यावर मीठ-लिंबू घालावे. तिची पचडी मग सर्वांत ताजी ठरते.

दात नसलेल्या वडील मंडळींसाठी मुळा-गाजर बारीक किसून, वर सांगितल्याप्रमाणे पिळून, साईच्या दह्यात कालवावे, आणि फोडणीत मिरचीऐवजी नुसते जिरे-हिंग घालावे. लहान मुलांना गाजराच्या लांब कांड्या करून तीळकुटात बुडवून द्याव्यात. ती पचडी मागत नाहीत, पण हे पळवितात. अगदी तान्ह्या वयात मात्र कच्चे कडक गाजर देऊ नये, घशात अडकते, किसूनच द्यावे.

आणि इतके करूनही रात्री वाटीभर उरली तर झाकून थंड जागी ठेवावी. सकाळपर्यंत तिला पाणी सुटलेले असेलच. त्या पाण्यासकट ती ज्वारीच्या व थोड्या बेसनाच्या पिठात कालवावी, ओवा आणि तिखट घालून, ओल्या फडक्यावर धपाटे थापावेत आणि तव्यावर तेल सोडून दोन्ही अंगांनी खरपूस भाजावेत. दुसऱ्या पाण्याची गरज पडत नाही. मीठही आधीचेच पुरते.